खपलीची पालथी बाजू

११ जानेवारी

एखादा जीव ‘कुठला’, हे नेमकं कशावरून ठरवायचं? जन्मला तिथला, सापडला तिथला, की जिथे सगळ्यांत जास्त आहे तिथला? मला सांगता येत नाही, आणि गेले दहा महिने मी याच कामाचा पगार घेते आहे.

आज आईने सरळच विचारलं, “तुझे ते किडे कुठले गं?”

म्हटलं, किडे नव्हेत, ब्रायोझोआ. समुद्रात शिंपल्यांवर, खडकांवर, जहाजांच्या बुडाला चिकटून राहतात. एकेक जीव टाचणीच्या डोक्याहून लहान. स्वतःभोवती चुन्याचा कप्पा बांधतो, मग त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, हजारावा. नुसत्या डोळ्यांना खपली दिसते. भिंगातून पाहावं तर बिऱ्हाडंच बिऱ्हाडं, प्रत्येकाला दार आणि दाराला झाकण.

“आणि भाडं कोण वसूल करतं?” आई म्हणाली. बाबांना हसता हसता ठसका लागला.

बाबा सुक्या गोदीत जहाजांची बुडं खरवडतात. पाणी उपसलं, जहाज उघडं पडलं की ही माणसं पट्ट्या घेऊन खाली शिरतात आणि बुडाला चिकटलेलं सगळं ओरबाडून काढतात. माझे ब्रायोझोआ म्हणजे त्यांच्या ‘खपल्या’. मी ज्या एका तुकड्यासाठी आठवडा घालवते, तसल्या घमेलंभर खपल्या ते रोज गटारात लोटतात. मी संग्रहालयात लागले तेव्हा ते सगळ्यांना सांगत फिरले होते, “आमची पोरगीसुद्धा खपल्यांच्याच धंद्यात आहे.” मला तेव्हा फार लाज वाटली होती. पदवी कशासाठी घेतली मग?

१६ जानेवारी

आज भांडले. आयुष्यात पहिल्यांदा साहेबमाणसाशी भांडले आणि जिंकले.

सरांचा लेख तयार झाला. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या खडकावरून एक काळसर खपली काढली होती. ती नवी जात आहे, जगात दुसरीकडे कुठे नाही, असा तो लेख. ती जात नवी कशी, हे दाखवायला दोनशे चाळीस कप्पे मोजले मी. कोष्टकं माझी. आकृत्याही माझ्याच, सगळ्या. आणि लेखाच्या शेवटी बारीक टायपात काय, तर ‘संग्रहालयातील सहायिकेची मदत झाली’.

मी कागद घेऊन सरळ खोलीत गेले. म्हटलं, “सर, सहायिकेला नाव असतं.”

सर चष्म्यावरून बघत राहिले. मला वाटलं, गेली नोकरी. पण ते म्हणाले, “बरं. दुसरं नाव तुझं घालू.”

याचा अर्थ मोठा आहे. माझी जागा तात्पुरती आहे, मार्चअखेर संपते. कायमच्या जागेसाठी अर्ज करायचा तर छापून आलेला किंवा स्वीकारलेला एक तरी लेख नावावर लागतो. आता हा असेल.

घरी सांगितलं तेव्हा आईने विचारलं, “नाव छापायला एवढं भांडावं लागतं?”

म्हटलं, आई, तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्याने पाहिलं त्याचं नाव लागलंच पाहिजे.

२ फेब्रुवारी

सरांची मूळ खपली, म्हणजे जिच्यावरून जात ठरली ती एकमेव खपली, आज माझ्या हातात पुठ्ठ्यावरून सुटली. मी काहीच केलं नव्हतं. चोवीस वर्षांपूर्वीचा डिंक वाळून खडखडीत झाला होता. खपली तळहातावर पडली ती पालथी.

आणि मी बघतच राहिले. आमच्याकडे सगळ्या खपल्या सुलट्या चिकटवतात. दारं, झाकणं वरच्या बाजूला असतात, वर्गीकरण त्यांवरून होतं, पालथी बाजू बघायची वेळच येत नाही. त्यामुळे ही बाजू चोवीस वर्षांत कुणाच्याच दृष्टीस पडली नसणार. खपली ज्यावर वाढते त्याचा ठसा खाली उमटतो. खडक असता तर खडबडीत, दाणेदार ठसा आला असता. ही गुळगुळीत आहे, आरशासारखी. आणि कडेला तांबूस काहीतरी लागलेलं आहे.

चिठ्ठीवर सरांच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं आहे: ‘खडकावर, ओहोटीच्या वेळी’.

३ फेब्रुवारी

पुठ्ठ्यावर खपलीचा एक कण मागे राहिला होता. कपाटकाकांकडून तो पंधरा दिवसांसाठी मागून घेतला. कपाटकाका म्हणजे संग्रहाच्या कपाटांचे राखणदार. या वर्षी निवृत्त होणार. त्यांनी वहीत नोंद केली, काचेच्या नळीत कण घातला आणि म्हणाले, “परत नाही आणलास तर मी निवृत्त होणार नाही, तुझ्या दारात येऊन बसेन.”

घरी बाबांना दाखवला. त्यांना भिंग लागलंच नाही. नळी खिडकीशी धरली, एकदा फिरवली. “हा बुडाचा रंग.”

“कशावरून, बाबा?”

“कशावरून काय? रोज खातो तो मी. नाकातोंडात जातो. तांबं घातलेला असतो, विष असतं त्यात, बुडावर काही बसू नये म्हणून. पण ही काळी खपली बसतेच. सगळ्यांच्या आधी हीच येते. हिला विष भिनत नाही. मग बाकीचे हिच्या पाठीवर बसतात, त्यांचं रंगाशी काम पडत नाही.”

मी वही काढली. ते बोलत होते, मी लिहीत होते. मग त्यांनी नळी पुन्हा उजेडात धरली. “आणि हे बघ, इथे मोडलंय तिथे. दोन थर आहेत. खाली फिका, वर गडद. हा फिका आता येत नाही, बंद होऊन पंधराएक वर्षं झाली.”

म्हटलं, पण चिठ्ठीवर खडक लिहिलं आहे.

“खडकाला दोन हात रंग कोण देतं गं?” बाबा म्हणाले.

१२ फेब्रुवारी

आठवडाभर दुसरं काही केलं नाही. दूरच्या एका संग्रहालयाला जहाजांच्या बुडांवर वाढणाऱ्या काळ्या जातींची चित्रं मागितली, त्यांनी दोन दिवसांत पाठवली. काळसर झाकण, दाराच्या खालच्या कडेला तोच बसका खळगा, कप्प्याच्या पाठीला तीच चाळण. पासष्ट वर्षांपूर्वी नाव ठेवलेली, पार दुसऱ्या महासागरातली जात. सरांच्या मते आपली खपली वेगळी, कारण तिचे कप्पे लहान. पण लहान कप्पे त्यांच्याकडेही आहेत, वसाहतीच्या कडेचे. मी जे दोनशे चाळीस मोजले ते सगळे कडेचे होते, कारण मधला भाग वर ओघळलेल्या डिंकाने झाकला होता. म्हणजे चूक माझीही आहे. हे लिहायला जीवावर येतं आहे, पण लिहिते.

थोडक्यात, ‘फक्त आपल्याच किनाऱ्यावरची’ ही जात कुणाच्या तरी बुडाला चिकटून फुकट प्रवास करत आली. आपली नाहीच ती.

१४ फेब्रुवारी

सरांना सगळं दाखवलं. पालथी बाजू, रंग, चित्रं, माझी चूकसुद्धा. मला वाटलं होतं, ते चकित होतील. खरं सांगायचं तर शाबासकी देतील, असंही वाटलं होतं. किती मूर्ख असावं माणसाने!

“पालथी बाजू वर्गीकरणात धरत नाहीत,” म्हणाले.

“पण सर, रंग—”

“खडकाला होड्या घासतात. लागला असेल.”

“दोन थर, सर? गुळगुळीत?”

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते टोपण लावतात तेव्हा समजावणीच्या सुरात बोलतात. “हे बघ. लेख गेला आहे, महिन्याभरात स्वीकारला जाईल. तुझी जागा पक्की होऊ दे. वर्षभराने दुरुस्तीचं टिपण लिही, मी स्वतः सही करीन. शास्त्र असंच पुढे जातं. आज घाई केलीस तर लेखही जाईल आणि जागाही.”

शास्त्र असंच पुढे जातं! माहीत असलेली खोटी गोष्ट छापायची, तिच्यावर नोकरी मिळवायची आणि मग बारशानंतर वर्षाने सांगायचं की मूल आमचं नव्हे. अंगाचा तिळपापड झाला. वर चहाही पाजला मला. तो मी प्यायले, याचा आता जास्त राग येतो आहे.

१५ फेब्रुवारी

कण परत दिला. कपाटकाकांनी नळी वहीशी ताडून पाहिली आणि म्हणाले, “खडकावरची नव्हे ना?”

मी उडालेच. “तुम्हाला माहीत होतं?”

“मला कुठली जात ते माहीत नाही. पण सर तेव्हा नवीन होते, त्यांना पाण्यात उतरायचा कंटाळा. गोदीतला एक माणूस डबा भरून खपल्या आणायचा. दाराशी उभा राहायचा. आत ये म्हटलं तरी यायचा नाही, पायांना रंग असायचा. सर डबा ओतून घ्यायचे. चिठ्ठ्या मागाहून एकदम लिहायचे, आठवेल तशा.”

“त्या माणसाचं नाव?”

“वहीत ‘एक डबा’ एवढंच आहे.”

एक डबा! माणूस गेला आणि डबा राहिला. चोवीस वर्षं तो माणूस कुठे तरी असेल, नसेल (बाबांनाही विचारलं, त्यांच्या ओळखीत असा कुणी नव्हता), आणि चिठ्ठीवर सर स्वतः ओहोटीत उभे आहेत. असला राग मला माझ्यासाठीसुद्धा आला नव्हता. मी वर्षभर थांबणार नाही. आज रात्रीच टिपण लिहायला घेते.

२० फेब्रुवारी

टिपण झालं. चार पानं. भाषा मुद्दाम थंड ठेवली आहे. बाबांनी सांगितलेलं मी व्यवस्थित घातलं: ‘सदर रंगाचे दोन थर असून त्यांपैकी खालचा प्रकार आता वापरात नाही, तसेच ही जात ताम्रयुक्त रंगावर सर्वप्रथम वस्ती करते, असे एका स्थानिक माहितगाराने सांगितले.’ अशीच पद्धत आहे. मी दहा लेख काढून पाहिले, सगळीकडे असंच लिहितात.

जेवणानंतर बाबा म्हणाले, वाचून दाखव. मी वाचलं. ते डोळे मिटून ऐकत होते. त्या वाक्याला डोळे उघडले.

“हा माहितगार कोण?”

“तुम्हीच की, बाबा.”

“होय का? मला वाटलं, आणखी कुणाला विचारून खात्री केलीस.” हसले. “चांगलं केलंस. पुढे वाच.”

शास्त्रीय भाषा कानांवरून गेली नसेल तर असं होतं. आई भांडी आवरता आवरता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, काय गं? म्हणाली, “काही नाही. आमच्या पदवीधर बाईंना खाल्लेलं मीठ पुरलं का, बघत होते.” जेवण तर केव्हाच झालं होतं. आईचं कधी कधी काही कळत नाही.

२३ फेब्रुवारी

नियमाप्रमाणे टिपण पाठवण्याआधी विभागप्रमुखांना दाखवावं लागतं. सरांनी उभ्याउभ्या वाचलं. मी म्हटलं, “सर, हरकत असेल तर लेखी द्या. आणि एक विचारायचं आहे. तो डबा आणणारा माणूस कोण होता?”

त्यांचा चेहरा पडला. खोटं बोलतील असं वाटलं होतं, पण म्हणाले, “मी नाव विचारलं नव्हतं.” मग चष्मा काढून, “चार वर्षं येत होता.”

किती निर्लज्जपणे सांगितलं! चार वर्षं! मी म्हटलं, “त्याने शोधलं आणि नाव तुम्ही लावलंत. याला चोरी म्हणतात, सर.”

मी खरंच म्हटलं असं. सर रागावले नाहीत. माझी पानं उलटली, तिसऱ्या पानावर बोट ठेवलं. “हा तुझा माहितगार. यालाही नाव असेल ना?”

मी कागद ओढून घेतला आणि बाहेर पडले.

२४ फेब्रुवारी

ते वेगळं आहे. पूर्ण वेगळं आहे. सरांनी लपवलं, मी लपवलेलं नाही. बाबांना मी वाचूनही दाखवलं. त्यांनी हरकत घेतली नाही. शिवाय वडिलांचं नाव घातलं तर लोक म्हणतील घरचा साक्षीदार. शिवाय पद्धत आहे. दहा लेखांत तसंच आहे.

२५ फेब्रुवारी

दहाही लेख पुन्हा काढले. दहा लेखांत मिळून एकोणीस माहितगार आहेत. एकालाही नाव नाही. कोळी, पाणबुडे, होडीवाले. मी हे सगळे लेख अभ्यासाला घेतले होते आणि मला एकदाही खटकलं नव्हतं.

१ मार्च

काही लिहावंसं वाटत नाही. बाबांशी धड बोलता येत नाही. ते नेहमीसारखेच आहेत, त्याचा तर जास्तच त्रास होतो. आज विचारलं, “बाबा, तुम्हाला वाईट वाटलं का?”

“कशाचं?”

“माहितगार लिहिलं त्याचं.”

“अगं, गोदीत मला ‘ए’ म्हणून हाक मारणारे होते. माहितगार तर फारच चांगला शब्द आहे.”

असं बोलून माणसाला मारून टाकतात हे.

४ मार्च

सरांचा लेख स्वीकारल्याचं पत्र आलं. लेखावर माझंही नाव. विभागात सगळ्यांनी अभिनंदन केलं. सर कायमच्या जागेचा कोरा अर्ज माझ्या मेजावर ठेवून गेले. माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

घरी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर आई आनंदाने शेजारी सांगून येईल, आणि मग मला काहीच करता येणार नाही.

७ मार्च

आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “या लेखात लिहिलंय ते खरं आहे का?”

“नाही.”

“मग तुझं नाव त्यात काय करतंय?”

मी जागेचं सांगितलं, मार्चअखेरचं सांगितलं, घरात पहिल्यांदा कुणाला खुर्चीवर बसायचं काम मिळतं आहे, तेही सांगितलं. आई म्हणाली, “खुर्च्या काय, कुठेही असतात.” आणि वर, “माझ्यावर ओरडू नकोस, मी शिकलेली नाही.” मी ओरडत नव्हते. थोडी ओरडत होते.

९ मार्च

टिपणाबरोबर एक फॉर्म भरावा लागतो. प्रत्येक लेखकाचं नाव, पद, संस्था. काल संध्याकाळी बाबांना समोर बसवलं. म्हटलं, तुमचं नाव लेखक म्हणून घालते आहे. ते आधी हसले, मग नको म्हणाले, मग विचारलं, “मला काही करावं लागेल का?”

“सगळं ऐकून बरोबर आहे का सांगायचं, आणि सही.”

“सही येते मला,” बाबा म्हणाले, जरा रागानेच.

फॉर्ममध्ये मी ‘पद’ समोर ‘बूड खरवडणारे कामगार’ असं लिहिलं. बाबांनी वाचलं. “कामगार नाही. मुकादम.”

“कधीपासून?”

“सहा वर्षं झाली. तुझी परीक्षा चालू होती. सांगितलं होतं मी.”

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. सहा वर्षं मी एका मुकादमाच्या घरात राहते आहे आणि मला माहीत नाही. मी खाडाखोड केली, ‘मुकादम’ लिहिलं. हाताखाली किती माणसं आहेत, ते विचारलं. चौदा. त्यांची सगळ्यांची नावं त्यांनी सांगितली, मी विचारलंही नव्हतं. पुढे ‘माहितगाराने सांगितले’ हे वाक्य काढून ‘पहिल्या लेखकाने तेहतीस वर्षांच्या कामात पाहिले’ असं केलं. मग रंगाचं वाक्य वाचून दाखवलं. ‘रंगाचे दोन थर असावेत’ असं मी नवीन खर्ड्यात बदललं होतं. सावध लिहावं, असं शिकवतात आम्हाला.

बाबा ताडकन उठले. इतके चिडलेले मी त्यांना फार क्वचित पाहिलं आहे. “असावेत काय? असावेत म्हणजे काय? मी बघितलेत ते! माझ्या नावावर असावेत-बिसावेत चालणार नाही.”

आई आतून म्हणाली, “आता दोघं भांडा. एक होती, आता दोन लेखक झाले घरात.”

आज सकाळी अकराला सरांच्या लेखातून माझं नाव काढून टाकण्याचं पत्र लेखी दिलं, पोच घेतली. कायमच्या जागेचा कोरा अर्ज त्यांच्या मेजावर परत ठेवला. सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्याकडच्या संग्रहाच्या कपाटाच्या किल्ल्या मागितल्या, त्या दिल्या. साडेअकराला टिपण पाठवलं. पहिलं नाव बाबांचं आहे, दुसरं माझं, आणि दोन थर ‘आहेत’.